वर म्हणजे कुठं

मला कुणी ‘वर बघ’ म्हटलं, की माझी मान अजून पश्चिमेला वळते. आभाळाकडं नाही, पश्चिमेला. साताऱ्यात नोकरी झाली, घर झालं, निवृत्ती झाली, नातवंडं झाली, पण ही खोड काही गेली नाही. त्याला कारण आमचं गाव. पलूसच्या अलीकडं, कृष्णेच्या काठचं. आमच्याकडं वर म्हणजे जिकडनं नदी येते आणि पाऊस येतो ती बाजू, आणि खाली म्हणजे जिकडं पाणी उतरतं ती. वरचं रान, खालचं रान, वरली आळी, खालची आळी. उत्तर-दक्षिण हे शब्द आमच्यात फक्त भटजी आणि तलाठी वापरायचे. बाकी सगळ्या गावाचं वर-खालीवर छान चाललं होतं. माझंही चाललं असतं, मी जर घरांचे नकाशे काढायला शिकायला गेले नसते.

तेव्हा सत्तरचं दशक नुकतं कुठं अर्ध्यावर आलं होतं. मी मॅट्रिक झाले होते आणि चित्रकलेच्या सरकारी परीक्षांत मला चांगली श्रेणी होती. म्हणजे मी काही फुलं-पाखरं काढणारी नव्हे. मला वेड सरळ रेघेचं. पाटाची कड, ट्रंकेची कड, हाताला लागेल ते धरून मी रेघ ओढायची. आई म्हणायची, “हिला रांगोळी काढ म्हटलं तर ही शेताचा बांध काढती.” आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनीच आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, सांगितलं, की सांगलीला एका संस्थेनं ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स काढलाय, इमारतींचे नकाशे काढायला शिकवतात, पोरीला तिथं घाला. आण्णा पलटणीतनं हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले. नकाशा या वस्तूबद्दल त्यांना देवाइतका आदर. ते तिथंच हो म्हणाले.

पण आमच्या घरात आण्णांच्या ‘हो’ला फारसा अर्थ नव्हता. घर चालायचं थोरल्या चुलत्यांच्या शब्दावर. त्यांना आम्हीच काय, सगळा गाव तात्या म्हणायचा. ऊस कवा लावायचा, बैल कुठल्या बाजारात घ्यायचा, पोरगी कुठल्या गावात द्यायची, सगळं तात्या ठरवणार. आण्णा सरहद्दीवर असताना त्यांनीच आमचं सगळ्यांचं केलं होतं, त्यामुळं आण्णा त्यांच्यापुढं कधी आवाज चढवत नसत. तात्यांनी सुपारी कातरत कातरत विचार केला आणि मला सोप्यात बोलावलं.

“दोन वर्सं म्हंतीस. जा. पर मधी येक जरी काम वाकडं झालं, तर गप माघारी यायचं आन् लगनाला हुबं ऱ्हायचं. कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं. मनात म्हटलं, रेघा तर ओढायच्यात, त्यात वाकडं काय होणार?

गावात मात्र वेगळीच आवई उठली. ‘ड्रॉइंग शिकायला चालली’ हे कुणीतरी ‘डायव्हरिंग’ असं ऐकलं, आणि झालं, पोरगी ट्रॅक्टर शिकायला सांगलीला चालली म्हणून बायका बघायला येऊन गेल्या. शेजारचे एक म्हातारबा तर मला वाटेत थांबवून म्हणाले, “सुट्टीला आलीस की आमचा ऊस तेवढा कारखान्याला न्हेऊन टाक, बाय.” मी समजावून सांगितलं, की आजोबा, मी कागदावर घर काढायला शिकणार. “कागदावर? मग त्यात ऱ्हानार कोन?” असं म्हणून ते गेले.

सांगलीत मी एका जैन कुटुंबाकडं खोली घेऊन राहिले. काकू दिवस मावळायच्या आत जेवायला बोलवायच्या आणि मी उशीर केला की म्हणायच्या, “तुझ्या त्या घरांना दारं असतील तर बाहेर ये की गं लवकर.” वर्ग होता एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये. पहिल्या दिवशी दारात उभी राहिले तर आत सगळे मुलगे. आमच्या सरांनी चष्म्यावरनं पाहिलं आणि म्हणाले, “शिवणाचा वर्ग पलीकडं.”

“मला ड्राफ्ट्समनला बसायचंय, सर.”

“बाई गं, हे ड्राफ्ट्स-मन आहे.”

पोरं खीखी करून हसली. माझा मूळचा स्वभाव तापट, कानशिलं तापली. मी पावती त्यांच्या टेबलावर ठेवली, शेवटच्या रांगेतला रिकामा बोर्ड बघितला आणि जाऊन उभी राहिले. स्टूलसुद्धा विचारलं नाही. दुपारी शिपायानं स्टूल आणून ठेवलं, तेवढंच.

आता माझा नातू कॉम्प्युटरवर इमारती काढतो. रेघ चुकली तर एक बटण दाबतो, रेघ गायब. आमचं तसं नव्हतं. आधी जाड कागदावर पेन्सिलीनं काढायचं, मग त्यावर पारदर्शक ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवायचा आणि काळ्या शाईनं रेघ न् रेघ गिरवायची. रेघेचं पेन म्हणजे दोन पात्यांची चिमटी, बाजूला स्क्रू. स्क्रू जरा सैल झाला की शाईचा थेंब पडला म्हणून समजा. थेंब पडला की दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घ्यायचा आणि कागदाला भोक न पाडता शाई खरवडून काढायची. पावसाळ्यात तळहाताच्या घामानं कागद फुगायचा. हाताखाली रुमाल ठेवून काम करायचं.

माझ्या बांगड्यांनी पहिल्याच आठवड्यात घात केला. ओल्या शाईवरनं काचेच्या बांगड्या फिरल्या आणि अख्ख्या जिन्याला मिशा फुटल्या. शेजारचा पोरगा म्हणाला, “वा, जिन्याला कठडा आला.” मी उजव्या हातातल्या बांगड्या तिथंच उतरवून पेन्सिलीच्या डबीत टाकल्या. सुट्टीत घरी गेले तर आईनं माझा ओका हात बघून कपाळाला हात लावला. मी म्हटलं, डाव्या हातात आहेत की. एक हात देवाधर्माचा, एक हात सरांचा. आई रुसून बसली, पण मी उजव्या हातात परत काही भरलं नाही.

सरांचा सगळ्यात मोठा हट्ट उत्तर दिशेचा. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण पाहिजे, आणि तो वर टोक करून उभा. “उत्तर कुठं?” असं त्यांनी ओरडायचं आणि आम्ही सगळ्यांनी पेन्सिल वर करायची. बाण राहिला की त्या कागदावर लाल फुली. सुरुवातीला माझे कागद सारखे फुलीचे. मला बाणाची आठवणच राहायची नाही, कारण ज्या गावात कुणाला उत्तर लागतच नाही तिथं वाढलेली मी. मग मी चिडले आणि स्वतःला शिस्त लावली. कोरा कागद बोर्डवर ताणला की रेघ मारायच्या आधी पहिल्यांदा बाण काढायचा. डोळे झाकून. हळूहळू तो हातालाच लागला. वर म्हणजे उत्तर. सरांनी एकदा माझा कागद वर्गात धरून दाखवला, “ही बघा, हिचा बाण कधी राहत नाही.” त्या दिवशी काकूंकडं मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसरं वर्ष निम्मं झालं, दिवाळीच्या सुट्टीला मी घरी आले आणि मळ्यात नवीन घर बांधायचं निघालं. गावातलं घर माणसांना पुरेनासं झालेलं. तात्या म्हणाले, मिस्त्री आहे, तो बांधील, कागद कशाला? त्यावर आण्णा कधी नाही ते बोलले. “पोरगी शिकतीया. मग कागद तिचाच हुईल.” तात्यांनी हातातला अडकित्ता मिटला. “बरं. बघू तरी दोन वर्सात काय शिकली.” ते माझ्याकडं बघून म्हणाले, आणि मला कळलं, की माझी खरी परीक्षा सांगलीला नाही, इथं मळ्यात आहे. हे घर सरळ उभं राहिलं तर मी कोर्स पुरा करणार, साताऱ्याला एखाद्या ऑफिसात बोर्ड मिळवणार. वाकडं झालं तर तात्यांचा शब्द होताच.

त्याच सुट्टीत मी मळ्यात गेले, टेप धरून जागा मोजली आणि वहीच्या मोठ्या कागदावर कच्चं काढलं. आण्णा बाजूला उभे राहून सांगत होते. वरल्या अंगाला भिंत आंधळी ठेव, बिनखिडकीची, झड तिकडनं येते. दार खालच्या अंगाला, उगवतीला. डाव्या हाताला मोठ्या खिडक्या. मी वरल्या अंगाला तोंड करून उभी, त्यामुळं कागदाच्या वरच्या बाजूला वर, खालच्या बाजूला खाली. आमच्या गावातला कुणीही माणूस असंच काढेल. मिस्त्रीनं काढलं असतं तरी असंच काढलं असतं.

ते कच्चं घेऊन मी सांगलीला आले. कोरा कागद बोर्डवर ताणला. आणि नेहमीसारखा, डोळे झाकून, पहिल्यांदा बाण काढला. टोक वर.

सरांनी नकाशा पाहिला, खिडकीच्या मापात एक दुरुस्ती सांगितली आणि सही केली. त्यांना काय माहीत आमचं रान कुठल्या अंगाला उतरतं? मी छाप काढून घेतला. अमोनियाच्या वासाचा तो निळसर कागद न्यायला आण्णा स्वतः सांगलीला आले. जाताना त्यांनी तो एकदा उघडून नीट पाहिला, बाणावर बोट ठेवलं आणि “फस्क्लास” म्हणाले.

पुढचं मी तिथं नव्हते, पण मला ते इतक्या जणांनी सांगितलंय की पाहिल्यासारखंच वाटतं. मिस्त्री सरकारी कामांवर राबलेला, त्याला नकाशा वाचता यायचा. त्यानं सकाळी सूर्य बघितला, बाण बघितला, कागद बाणाबरोबर फिरवला आणि जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं पाया आखला. अगदी कागदाबरहुकूम. भूमिपूजनाला बायका ताट घेऊन आल्या. आईनं विचारलं, “दार कुठल्या अंगाला?” मिस्त्रीनं फक्कीतली मोकळी जागा दाखवली. आईनं तिकडं बघितलं तर समोर ओढा आणि ओढ्यापलीकडं मसणवट.

दक्षिणेला दार. आमच्याकडं दक्षिणेला पाय करून झोपत नाहीत, तिथं मी अख्ख्या खानदानाला दक्षिणेतनं जा-ये करायला लावलं होतं. भटजींनी पळी खाली ठेवली. तात्यांनी मिस्त्रीला विचारलं, “आरं, तुला तरी कळाय नगं?” मिस्त्री म्हणाला, “आवं, मला वाटलं सांगलीच्या शाळंतला कागद, कायतरी नवीन शास्त्र आसंल.” पूजा थांबली. तात्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की शाळा बंद, कवठे महांकाळकडचं जे स्थळ आलंय त्यांना होकार कळवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वर्गाच्या दारात आण्णा उभे. डोक्याला फेटा, पायात पलटणीचे बूट. सरांना नमस्कार करून मला म्हणाले, “तुझा मूळ कागद घे. आन् चल.”

एस.टी.त ते माझ्या शेजारी ताठ बसले. गाडी सांगलीच्या बाहेर पडल्यावर त्यांनी एकच विचारलं. “दार कुठं काढलंस तू?”

“खालच्या अंगाला. उगवतीला.”

“हं.” मग त्यांनी काल काय झालं ते सगळं सांगितलं, तात्या काय बोलले तेही.

मी म्हटलं, शक्यच नाही, त्या मिस्त्रीला वाचता येत नाही. मला असा संताप आला होता, की तो समोर असता तर मी त्याच्या गळ्यात टेप गुंडाळला असता. मी गुंडाळी सोडून नकाशा मांडीवर पसरला. दार खाली होतं. बरोबरच होतं. आंधळी भिंत वर. ती पण बरोबर. आणि मग कोपऱ्यातला बाण दिसला. सुबक, काळाभोर, माझ्या सगळ्या बाणांत देखणा. त्यानं वर बोट केलं होतं आणि तिथं लिहिलं होतं उत्तर.

मिस्त्रीचं काही चुकलं नव्हतं. घराचंही काही चुकलं नव्हतं. मी एका कागदावर दोन ‘वर’ काढले होते, एक गावाचा आणि एक सरांचा. मला रडू आलं नाही, खरं सांगते. मला शरम वाटली आणि त्या शरमेचा राग आला. दीड वर्ष पाठ मोडून बसले, बांगड्या काढल्या, पोरांची खीखी सोसली, ते सगळं एका बोटभर बाणापायी घालवायचं?

“आण्णा, बाण चुकला,” मी म्हटलं. “घर न्हाई चुकलं. मी स्वतः आखून देते. कुणाला हात लावू देऊ नका.”

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “समद्यांच्या देखत करावं लागंल.”

“समद्यांच्या देखतच करते.”

मळ्यात पोचलो तर निम्मी आळी जमलेली. तात्या बाभळीखाली घोंगडीवर बसले होते. मला बघून त्यांनी विचारलं, “दक्षिण म्हंजे काय ठावं हाय का न्हाई तुला? का सांगलीत ती बी पुसून टाकली?”

मी म्हटलं, “तात्या, चूक माझी हाय. मिस्त्रींची न्हाई.” मिस्त्री एका बाजूला अपराध्यासारखा उभा होता, तो जरा सैल झाला. मी विहिरीच्या काठावर बसले, मूळ कागद सपाट केला आणि अर्ध्या ब्लेडनं तो बाण खरवडला. कागद फाटू नये म्हणून श्वास धरून. सगळे बघत होते. मग बाण परत काढला, उजवीकडं टोक करून, आडवा. आणि कागद घेऊन तात्यांपुढं गेले. “हे बघा. आता उत्तर हिकडं. मग दार कुठं आलं?”

तात्यांनी कागद हातात घेतला नाही. “कागदावर काय, कुठं बी येतंय. जिमिनीवर दाव.”

“दावते.”

“मिस्त्री आखंल. तू लांब हुबी ऱ्हा.”

“न्हाई. मीच आखणार.”

“पायाची दोरी बाईमाणसानं धरायची? कुठं बघितलंस?”

“बघितलं न्हाई कुठं. आज तुमी बघा,” मी म्हटलं. माझाच आवाज मला जरा मोठा वाटला. आई मागनं “आगं, हळू” म्हणाली. पण मी पदर खोचला होता.

आधी जुनी फक्की पायानं मोडली. मग खुंट्या, दोरी आणि टेप. पहिली बाजू सोपी असते, खरा प्रश्न कोपऱ्याचा. एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर पाच भरलं की कोपरा काटकोन. हे वर्गात पाठ केलेलं, पण वर्गात जमीन नसते. इथं ढेकळं, खुंटी हलते, दोरी झोळते. चार कोपरे झाल्यावर मी दोन्ही कर्ण मोजले, म्हणजे या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात, तिरके. दोन्ही सारखे आले तर घर सरळ. नाही आले. वीतभर फरक.

कुणीतरी मागं हसलं. “पुन्यांदा वाकडं,” तात्या म्हणाले. मोठ्यानं नाही, पण मला ऐकू जाईल एवढं.

मी सगळ्या खुंट्या उपटल्या. सगळ्या. चुकलेली कुठली होती ते मला माहीत होतं, पण तेवढीच हलवली असती तर लोकांना वाटलं असतं ठिगळ लावतीय. पहिल्यापासून परत सुरुवात केली. ऊन डोक्यावर आलं होतं, घाम डोळ्यांत जात होता. आण्णा येऊन टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले. या वेळी ढेकळं बाजूला करून खुंट्या ठोकल्या, दोरी तुणतुण वाजेपर्यंत ताणली. एक कर्ण मोजला. दुसरा मोजला. मिस्त्री पुढं आला, स्वतः टेपवर वाकून वाचला आणि म्हणाला, “येक नंबर. सुताचा फरक न्हाई.”

मग मी पाटीत फक्की घेतली आणि मुठीनं रेघ सोडत गेले. आंधळी भिंत नदीच्या बाजूला. सोपा, माजघर, खोल्या, स्वयंपाकघर. आणि उगवतीला दाराएवढी जागा मोकळी सोडली.

मी पाटी ठेवली. आता बोलायची पाळी तात्यांची. पण त्याआधी आण्णा त्यांच्यापुढं गेले आणि सावधानमध्ये उभे राहतात तसे उभे राहिले.

“तात्या, येक सांगायचंय. त्यो बाण मी बी बघितला हुता. त्याच्यावर बोट ठिवलं हुतं. पलटणीत सारी हयात नकाशं वाचण्यात गेली माझी, आन् मला बी दिसलं न्हाई. मला बी वर म्हंजे वरच वाटलं. तवा हिची शाळा बंद करायची आसंल तर माझी पेन्शन बी बंद करा.”

कुणी हसलं नाही. आण्णांना तात्यांपुढं इतकं बोलताना त्या मळ्यात कुणीच पाहिलं नव्हतं. इतका वेळ काम होतं, आता नुसतं उभं राहायचं होतं. मला वाटलं, तात्यांनी आता नाही म्हटलं, तर मला आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात भांडी घासताना ही फक्कीची रेघ दिसत राहणार. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना म्हणून मी जमिनीकडं बघत होते.

तात्या घोंगडीवरनं उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. आणि आखलेल्या घराकडं चालत आले. ते येत होते नदीच्या बाजूनं, म्हणजे आंधळ्या भिंतीकडनं. भिंत कुठली, नुसती बोटभर फक्की. पाय उचलून टाकला असता की आत. सकाळपासून जमलेली सगळी माणसं जुनी आखणी अशीच तुडवत हिंडत होती.

रेघेपाशी येऊन तात्या थांबले. खाली बघितलं. मग वळले, कोपऱ्याला वळसा घातला, खोल्यांच्या बाजूनं पुढं गेले आणि उगवतीला येऊन दाराच्या मोकळ्या जागेपाशी उभे राहिले. तिथं त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि दारातनं आत आले.